चौकटीतले कोलाड

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे १२० किलोमीटर अंतरावर कोलाड लागते. तालुका रोहे, जिल्हा रायगड. आंबेवाडीचा नाका, त्याच्या दोन्ही अंगांची दुकाने, रोह्याकडे वळणाऱ्या एस. टी. गाड्या आणि विळ्यावरून ताम्हिणी घाट चढून पुण्याला जाणारा रस्ता एवढीच या गावाची ओळख बहुतेक प्रवाशांना असते. चहा घ्यावा, पाय मोकळे करावेत आणि पुढे निघावे, असे हे ठिकाण. शनिवार-रविवारी येणारा पाहुणा मात्र कुंडलिका नदीसाठी येतो. डोक्यावर हेल्मेट, अंगात फुगीर जाकीट, हातात वल्हे आणि तोंडावर उडालेले पाणी, असे त्याचे एक छायाचित्र निघते. ते बहुधा नदीच्या त्याच उसळत्या वळणावर निघते. माणसे बदलतात, पवित्रा बदलत नाही.

या लेखाचा विषय ते छायाचित्र नव्हे. कोलाड आणि परिसरातील वाड्यांमधून ज्यांचे घर आहे, शेती, दुकान, शाळा किंवा नोकरी सांभाळून जे सकाळ-संध्याकाळ अर्धा तास कॅमेरा अथवा मोबाइल घेऊन घराबाहेर पडतात, अशा हौशी माणसांच्या रोजच्या छायाचित्रांचा हा विचार आहे. त्यांना कोणी पारितोषिक देत नाही. त्यांच्या संग्रहात एका बाजूस खंड्या, फुलपाखरू, पहिला मोहोर, ओढ्याचे गढूळ पाणी. आणि दुसऱ्या बाजूस नातीचा वाढदिवस, आजीचे दळण, भावाची नवी दुचाकी. निसर्ग आणि कुटुंब ही दोन वेगळी दालने आहेत असे त्या माणसाला स्वतःलाही वाटत असते. काही वर्षे उलटली की ती एकमेकांत मिसळू लागतात, आणि तेथूनच या छंदाचे खरे मोल सुरू होते.

प्रथम नदी. कुंडलिकेला एकाच दिवसात दोन रूपे असतात, हे कोलाडबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक असते. पावसाळा सोडला तर पहाटे पात्र उथळ असते. खडक उघडे, त्यांच्यामध्ये संथ डोह, आणि डोहांच्या काठी पाणकावळे व बगळे. सकाळ वर चढते तसे पाणी वाढू लागते. खडक एकामागून एक बुडतात आणि जिथे मघाशी माणूस चालत गेला असता तिथे प्रवाह फेसाळतो. कारण वर, सह्याद्रीत आहे. मुळशीच्या जलाशयातील पाणी डोंगर ओलांडून पश्चिमेकडे भिरा येथे उतरवले जाते. तेथे टाटांचे वीजकेंद्र १९२७ पासून चालू आहे. वीज तयार करून झाली की तेच पाणी कुंडलिकेत सोडले जाते. पाहुण्यांच्या नावा ज्या लाटांवर उडतात, त्या मुंबईच्या दिव्यांसाठी वापरून झालेल्या पाण्याच्या असतात. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेले कालवे याच पाण्यावर भर उन्हाळ्यात भाताची शेते हिरवी ठेवतात. एप्रिलमध्ये डोंगर करपलेले आणि पायथ्याला हिरवेगार खाचर, असे चित्र कोकणात सर्वत्र दिसत नाही, येथे दिसते. हे सुख फुकट आलेले नाही. धरणासाठी मुळशी खोऱ्यातील गावे बुडाली, १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह केला, आणि तरीही धरण झाले. नदीकाठी उभे राहून चित्र घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तर त्याच्या चित्रातले पाणी थोडे अधिक खोल दिसेल.

अशा नदीचे एक छायाचित्र अपुरेच पडते. जाणता हौशी माणूस एक जागा पक्की करतो. तोच काठ, तोच खडक, आणि शक्यतो तीच उंची. पहाटेचे एक, पाणी चढल्यावरचे एक. ऑगस्टमधल्या लाल लोंढ्याचे एक, मार्चमधल्या काचेसारख्या डोहाचे एक. यांत कला किती, हा प्रश्न बाजूला राहू द्यावा. चार वर्षांत त्या खडकाचे चरित्र तयार होते, आणि असे चरित्र दोन तासांसाठी आलेल्या कुशल छायाचित्रकाराला, त्याच्याजवळ कितीही महाग भिंग असले तरी, लिहिता येत नाही. पाणी वाढण्याच्या वेळा ठाऊक नसताना पात्रात उतरून चित्र घेण्याचा मोह मात्र जिवावर बेततो; म्हणून कोलाडची मुले लहानपणापासून काठावरच थांबायला शिकतात.

नदीपेक्षाही संयम लागतो तो परसदाराला. शिशिरात पांगाऱ्याला लाल तुरे येतात, काटेसावर फुलते आणि तिच्यावर मैना, साळुंक्या, कोतवाल यांची दिवसभर ये-जा चालते. त्याच सुमारास वालाच्या शेंगा भरतात आणि रायगडात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, पुन्हा पाला. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा व काटक्यांचा जाळ. वाल हे तिचे मूळ. बाकी त्यात काय घालावे हा ज्याच्या त्याच्या घरचा रिवाज. या जाळाच्या उजेडात घरच्यांचे जे चेहरे दिसतात तसे कोणत्याही स्टुडिओतल्या दिव्याने दिसलेले नाहीत. फ्लॅश लावला की ते चित्र मरते. हात स्थिर ठेवून, कॅमेरा एखाद्या उलट्या पाटीवर टेकवून जाळाच्याच प्रकाशात घेतले तर त्यात धूर येतो, आणि आजोबांच्या चष्म्यात जाळाचे दोन ठिपके येतात.

मार्चपासून ऊन असह्य होते. भिऱ्याने तर मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद करून साऱ्या देशाचे लक्ष वेधले होते. या काहिलीतच पळस, बहावा आणि ताम्हण फुलतात. मेअखेरीस नवरंग पक्षी येतो आणि दाट झाडीतून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. तो दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. त्यामुळे नवरंगाचे चित्र मिळाले नाही म्हणून हळहळणारे अनेक जण आहेत. पावसाच्या तोंडावर काजवे येतात. त्यांचे चित्र घेण्यासाठी तिकाटणे, अंधार आणि मिनिटभराचे श्वास रोखणे लागते, आणि इतके करूनही घरातले कोणीतरी नेमक्या क्षणी अंगणातला दिवा लावते.

मग पाऊस. कोलाडचा पाऊस सह्याद्रीच्या पायथ्याचा आहे. तो आला की मुक्काम करतो. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, आणि कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशीची कोळिष्टके धरतात. तरीही हौशी माणसाचे सर्वोत्तम महिने हेच. ढगाळ प्रकाश मऊ असतो; पानावरची शिर न्‌ शिर दिसते. शेवळे जमिनीतून वर येतात, कुड्याची पांढरी फुले गळून वाटेवर पसरतात, कळलावीच्या पिवळ्या-लाल ज्वाळा कुंपणावर चढतात, श्रावण-भाद्रपदात तेरड्याने माळ गुलाबी होतो. चिखलणी, लावणी, खाचरात वाकलेल्या पाठींची ओळ. जुन्या चित्रांत त्या पाठींवर बांबूच्या कामट्यांची आणि पानांची इरली दिसतात. नव्यांत निळे-पिवळे प्लॅस्टिक दिसते. इरले गेले त्याची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात आली नव्हती. ती अशा छायाचित्रांतच सापडते.

चातुर्मासात पाऊल जपून टाकण्याची शिकवण ज्या घरांत आहे, तेथील मुलांच्या हाती कॅमेरा दिला तर ती या ऋतूत फार चांगली चित्रे घेतात, असे म्हणावयास हरकत नाही. पानाखाली गोगलगाय आहे, वाटेवर पैसा किडा वेटोळे करून पडला आहे, दिव्याखाली पतंग विसावला आहे, हे त्यांना आधीच दिसत असते. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र मोठी माणसेही चुकतात. घरट्यासमोरची फांदी वाकवून किंवा तोडून पिलांचे चित्र घेणे, पक्ष्याची ध्वनिफीत वाजवून त्याला जवळ बोलावणे हे प्रकार छंदात बसत नाहीत. फांदी हलली की घरटे कावळ्याला दिसते. चित्र मिळते आणि पिले जातात.

दूर राहून, रोज एकाच ठिकाणी पाहत राहिल्याने काय गवसते याचे उदाहरण याच रायगड जिल्ह्यात आहे. डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर अनेक घरटी विणावयास घेतो, माद्या अर्धवट विणलेली घरटी तपासून पसंत करतात आणि नर एकाहून अधिक संसार थाटतो, ही गोष्ट त्यातून पुढे आली. सुगरणीची घरटी कोकणात प्रत्येकाने पाहिलेली होती. रोज पाहिलेली नव्हती. आणि रोह्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते, ते चिंतामणराव देशमुख केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवून परतले होते. पुढे १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तरी बागेची आवड त्यांनी सोडली नाही. आकडेमोडीत आयुष्य घालवणाऱ्यांना झाडापानांचे काय, असे विचारणाऱ्यांसाठी एवढा दाखला पुरे.

आता कुटुंब. मध्यमवर्गीय मराठी घरात कॅमेरा आला तो बहुधा ‘आगफा क्लिक थ्री’च्या रूपाने. एका रोलमध्ये बारा चित्रे. बारांपैकी दोन बोटामुळे, एक प्रकाश आत शिरल्यामुळे वाया जायचे. उरलेल्या नऊंत लग्न, बारसे आणि सहल बसवावी लागे. त्यामुळे प्रत्येक चित्राआधी माणसे रांगेत उभी राहत, शर्टाचे वरचे बटण लावत, आणि खटका दाबेपर्यंत श्वास धरून ठेवत. रोल धुवायला दिला की आठवडाभर वाट. कोकणातल्या गावांतून तो कोणा जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पाठवावा लागे. नंतर पस्तीस मिलिमीटरचे छत्तीस चित्रांचे रोल आले, मग डिजिटल आले, आणि आता एका बारशात चारशे चित्रे निघतात. पूर्वी प्रत्येक चित्राची आठवण असे; आता चारशेंपैकी चारही पुन्हा कोणी पाहत नाही. हे काळाचे रडगाणे नव्हे. चारशे चित्रांत आई स्वयंपाकघरात हसताना सापडते, जी बारांच्या हिशेबात कधीच बसली नसती. जुन्या अल्बममध्ये दोन माणसे सतत गैरहजर असतात. एक, ज्याच्या हाती कॅमेरा आहे तो, आणि दुसरी, सगळे अंगणात उभे असताना आत भात उतरवणारी.

निसर्ग आणि कुटुंब ही दोन्ही ज्यांच्या भिंगापुढे सारख्याच प्रेमाने आली अशा एका मराठी माणसाची आठवण येथे अपरिहार्य आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर मांडून त्याच्या वाढीची एक-एक चौकट टिपली. बी रुजते, कोंब वर येतो, वेल चढते. आणि हे सारे पडद्यावर पाहता पाहता घडते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चिमुकल्या चित्राने भांडवल देणाऱ्याची खात्री पटवली. पुढे चित्रपट धुण्याच्या आणि फिल्मला छिद्रे पाडण्याच्या कामात पत्नी सरस्वतीबाई राबल्या. मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला, मुलगी मंदाकिनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली. भारतीय चित्रपटाची सुरुवात म्हणून जे सांगितले जाते ते मुळात एका घरातल्या कुंडीचे आणि घरातल्या माणसांचे चित्रण होते. कोलाडच्या एखाद्या पडवीत कोणी मूल जर टोमॅटोच्या रोपाचे रोज सकाळी एक चित्र घेत असेल, तर त्याला उगाच हसू नये.

मूळ मुद्दा आहे तो चित्राच्या मागच्या भागाचा. चित्र घेताना लक्ष माणसाकडे असते. सून नवीन आली म्हणून अंगणात तिला उभे केले. मागे चिंच आहे याकडे कोणाचेच लक्ष नाही. पंचवीस वर्षांनी सून स्वतः सासू झालेली असते आणि चिंच गेलेली असते. तेव्हा तेच चित्र उघडले की सर्वांची नजर आधी मागे जाते. अरे, ही चिंच! तिच्याखाली बैलगाडी लागायची. हा पार बघ, हा कधी पाडला?

कोलाडमध्ये असे घडण्यास कारणे भरपूर आहेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. कोलाड त्याच टप्प्यात येते. काम वर्षानुवर्षे रेंगाळले; रस्त्याकडेची जुनी झाडे आणि दुकानांच्या पुढच्या पडव्या मात्र लवकर गेल्या. त्या झाडांची मोजदाद सरकारी कागदांत झाली असेल, त्यांची सावली तेथे नोंदली जात नाही. ती आहे एखाद्या शाळकरी मुलाच्या हातातल्या आइसक्रीमच्या चित्रात, मागे, जरा अस्पष्ट. मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळे, तळे, माणगाव, रोहे. कौले उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि आंबा, फणस, नारळ, सुपारी यांच्या कैक पिढ्यांच्या बागा काही तासांत भुईसपाट झाल्या. कौले पुन्हा चढवता येतात. आजोबांनी लावलेला हापूस पुन्हा उभा करता येत नाही. ज्या घरांनी त्या आंब्याखाली दर मे महिन्यात नातवंडांना ओळीने बसवून चित्र घेतले होते, त्यांच्याजवळ आता झाडाची वाढही आहे आणि मुलांचीही. एका वर्षी झाडाची सर्वांत खालची फांदी मुलाच्या डोक्यावर आहे, पुढच्या वर्षी तो तिच्यावर बसला आहे, आणि आणखी काही वर्षांनी तो परगावी गेल्यामुळे फांदी एकटीच आहे.

अशा नकळत घेतलेल्या नोंदींचा उपयोग शास्त्रालाही होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लोवेल नावाचे शहर आहे. तेथील दफनभूमीत ३० मे १८६८ रोजी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतीसाठी लोक जमले असता कोणीतरी छायाचित्र घेतले. घेणाऱ्याला माणसे व स्मारक हवे होते. मागची झाडे जवळजवळ निष्पर्ण होती. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये त्याच तारखेला त्याच जागेचे चित्र घेतले, तर झाडे पालवीने पूर्ण भरलेली. वसंत किती लवकर येऊ लागला आहे याचा पुरावा म्हणून त्यांनी अशी जुनी छायाचित्रे आणि वाळवून ठेवलेले वनस्पतींचे नमुने एकत्र अभ्यासले. आपल्याकडेही ‘सीझनवॉच’सारख्या उपक्रमांत सामान्य नागरिक एका ठरावीक झाडाची पालवी, फुले, फळे यांची नियमित नोंद ठेवतात. कोलाडच्या आंब्याला मोहोर या वर्षी केव्हा आला, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोटाचा आहे. वीस वर्षांपूर्वी केव्हा येत असे, याचे उत्तर आठवणीवर सोडले तर दहा घरांतून दहा उत्तरे मिळतील. संक्रांतीच्या दिवशी अंगणात घेतलेल्या, तारीख असलेल्या चित्रातून एकच मिळेल.

परंतु तारीख हवी. बँकेच्या हिशेबात ज्या रकमेचा धनी लागत नाही ती उचंत खात्यात पडून राहते. रक्कम खरी असते, पण कोणाच्या कामी येत नाही. बिनतारखेचे, बिननावाचे छायाचित्र तसेच. मोबाइलने घेतलेल्या प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, आणि परवानगी दिलेली असेल तर ठिकाणही. लोक त्यावर विसंबून राहतात. मात्र तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने पाठवले की ही नोंद गळून पडते, चित्राचा आकारही घटतो. मिळणाऱ्याला फक्त त्याच्याकडे पोहोचल्याचा दिवस दिसतो. कुटुंबाच्या गटात फिरणारी बहुतेक जुनी चित्रे अशी निराधार झालेली आहेत. दस्तऐवज म्हणून पाठवल्यास नोंद टिकते. हे कोणा जाणत्या पुतण्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा बसून शिकवावे. कागदावरच्या चित्रांचे दुखणे वेगळे. गेल्या पिढीत ज्या चिकट पानांच्या अल्बमची चलती होती, त्यांच्या गोंदाने चित्रे पिवळी पडतात आणि काढू गेल्यास फाटतात. पाठीमागे बॉलपेनने दाबून लिहिले तर अक्षरे पुढच्या बाजूला उमटतात. मऊ पेन्सिल बरी. आणि निगेटिव्ह टाकून देऊ नयेत, कागद गेला तरी त्यांतून चित्र पुन्हा निघते.

नावांचा प्रश्न मात्र येथेच संपत नाही; तो अवघड आहे. पावसाच्या सुरुवातीस महामार्गाच्या कडेला कातकरी बायका शेवळे, टाकळा, भारंगी अशा रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. पाण्याने ओल्या झालेल्या हिरव्या पानांची रास, मागे करडे आभाळ, आणि त्या बाईचा चेहरा, असे चित्र कोणालाही मोहात पाडील. ते घेतलेही जाते. मग त्याखाली ‘रानभाजी विकणारी आदिवासी स्त्री’ असे लिहिले जाते. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने छायाचित्रांचे आठ खंड काढले, त्यांत माणसांवर जाती-जमातींची नावे चिकटवली; बहुतेकांची स्वतःची नावे नाहीत. त्याआधीच, १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक तिच्यात होते. म्हणजे कॅमेरा आपल्या हाती येऊन पावणेदोनशे वर्षे होत आली, आणि तरी घरच्या अल्बममध्ये तान्ह्या बाळाचेही पूर्ण नाव लिहिणारा माणूस रस्त्याकडेच्या बाईला नाव विचारत नाही. विचारले तर ती सांगते. चित्र घेऊ का, असे विचारले तर कधी हो म्हणते, कधी नाही म्हणते, आणि नाही म्हटल्यास भाजी घेऊन पुढे जावे. हो म्हटले तर पुढच्या बाजाराच्या दिवशी एक छापील प्रत तिला नेऊन द्यावी. छपाईला चहाच्या दोन कपांएवढाही खर्च येत नाही. स्वतःचे कागदावरचे चित्र आधारकार्डाखेरीज ज्यांनी पाहिलेले नाही, अशी माणसे अजून या तालुक्यात आहेत.

कोलाडच्या स्थानकावरही अशा चित्रांना तोटा नाही. रोह्यापासून सुरू होणाऱ्या ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेवरचे हे पहिलेच स्थानक. फलाटावर गर्दी बेताची. पण २६ जानेवारी १९९९ पासून येथून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत मालट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सोय झाली, आणि २०२५ च्या गणेशोत्सवात त्याच मार्गावर खाजगी मोटारींसाठीही तशी गाडी सोडण्यात आली. भरलेले ट्रक ओळीने रेल्वेवर बसून भातखाचरांमधून जात आहेत, चालक आपापल्या खोलीत पाय पसरून बसले आहेत, आणि रुळाजवळच्या बांधावर गुरे राखणारा पोरगा त्यांना हात करीत आहे, हे दृश्य नवख्याला गंमतीचे वाटते. कोलाडकरांनी ते इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे चित्र घ्यावे असे त्यांच्या मनात येत नाही. रोज दिसते ते कॅमेऱ्यात सर्वांत शेवटी येते, आणि बहुतेक वेळा ते दिसेनासे झाल्यावर.

नवरात्राच्या सुमारास पाऊस ओसरतो. भात पिवळे पडू लागते, आकाश धुतल्यासारखे निळे होते आणि ऑक्टोबरचे कडक ऊन पडते. चार महिन्यांची ओल घालवण्यासाठी घरोघर गोधड्या, पापडांचे डबे, पुस्तके बाहेर निघतात. त्यांबरोबर पत्र्याच्या ट्रंकेतले अल्बमही. थेट उन्हात ठेवले तर रंग उडतात, म्हणून ते पडवीच्या सावलीत, वाऱ्याला उघडून ठेवावे लागतात. पानांवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेले असतात. कोणीतरी मऊ कापसाने ते टिपत बसते. दुपारची जेवणे झालेली असतात. आजी भिंतीला टेकून बसते, नातू मांडीवर वही आणि हातात पेन्सिल घेऊन. हा कोण? हे तुझ्या आजोबांचे आतेभाऊ, नागोठण्याचे. ही? ही त्यांची धाकटी बहीण, लवकर गेली बिचारी. साल? साल नाही आठवत. पण तुझे बाबा कडेवर आहेत, म्हणजे धर शहात्तर-सत्त्याहत्तर. नातू लिहून घेतो. मग बोट चौकटीच्या कडेकडे सरकते, जिथे माणसांच्या खांद्यांमागे एक जाड बुंधा अर्धाच आला आहे.

“आणि हे झाड कसले?”

आजी चष्मा पुसते, चित्र उजेडाकडे धरते, आणि उंडीचे असावे की भेंडीचे, हे ठरवण्यासाठी शेजारच्या काकूंना हाक मारते.